बेळगाव-शहापुरातला केसांचा टॉपर : पैसे वसूल, डोकं मात्र फिरलं

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. नुसता रेट पाहिजे असेल तर खाली जावा, तिथं लिहिलाय.

गेल्या पावसाळ्यात मला डेंगू झाला. ताप गेला, प्लेटलेट वर आल्या, सगळे म्हणाले सुटलीस बाई, आणि त्याच्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी केस जायला लागले. म्हणजे किती तर उशीवर, कणकेत, बाथरूमच्या जाळीत, नवऱ्याच्या शर्टावर, जिकडं बघाल तिकडं माझेच केस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या मोठ्या तापानंतर असं होतं, परत येतात, धीर धरा. धीर धरला असता की, खरं डिसेंबरात नणंदेच्या पोरीचं लग्न ठरलं आणि माझा भांग दोन बोटं रुंद झालेला, आमच्याकडच्या लग्नात बायका साडीच्या आधी अंबाडा बघतात हे काय सांगायला पाहिजे काय.

पहिल्यांदा ऑनलाइन एक टॉपर मागवला. साइटचं नाव घेत नाही. फोटोत मऊसूत होता, हातात आला तो जत्रेतल्या बाहुलीच्या केसासारखा चकाकणारा, आणि एकदा तसाच घालून फोडणी द्यायला गेले तर वाफेनं पुढची टोकं आखडून गेली. सिंथेटिक होता. अडीच हजार पाण्यात. टॉपर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्ण विग नव्हे, फक्त टाळूवर बसणारा जाळीचा तुकडा, खाली चिमट्या, वर केस, आपल्या केसात मिसळून जातो.

मग जावेनं शहापुरातल्या अक्कांचं सांगितलं. साड्यांच्या दुकानांमधून एक जिना वर जातो, बोर्ड नाही, काही नाही. नाव आणि नंबर लिहू नका म्हणाल्यात, एकटं माणूस आहे, गर्दी झेपत नाही, म्हणून लिहीत नाही, आसपास विचारलं तर कुणीपण सांगतंय. जिना मात्र इतका उभा आहे की माझ्या सासूबाईंना नेलं असतं तर वर पोचेपर्यंत लग्न होऊन गेलं असतं.

अक्का कन्नड-मराठी मिसळून बोलतात, अर्धं वाक्य 'एनु बेकु' (काय पाहिजे) आणि अर्धं 'बसा की वैनी'. पहिला प्रश्न रेटचा नव्हेच, डॉक्टरला दाखवलंय काय, डोक्यात फोड-खपली आहे काय. टाळूवर काही असेल तर विकत नाहीत, बरं करून या म्हणतात. मला हे फार पटलं, कारण आधी एका पार्लरमध्ये डोकं न बघताच गोंदाने एक्स्टेन्शन चिकटवायला निघाले होते, तेपण गळणाऱ्या केसांना.

भिंतीवर फोटो लावलेत. त्यात चार-पाच आफ्रिकन पोरींचे, पाठीपर्यंत सरळ केस, एकीचे तर भडक लाल. अक्का नऊ वर्षं बेंगळुरात कम्मनहळ्ळीकडं पार्लरमध्ये होत्या, तिथं नायजेरिया, केनिया, काँगोच्या कॉलेजच्या पोरी यायच्या, त्यांच्याकडूनच वीव्ह, म्हणजे दुसरे केस डोक्यावर शिवायचं काम, शिकल्या म्हणे. आणि मी शहाणी, आरशासमोर बसल्या बसल्या म्हणून गेले, काय तरी हौस बाई यांची, देवानं एवढे छान कुरळे केस दिलेत आणि दुसऱ्याचे केस डोक्याला शिवून घेतात.

अक्कांच्या तोंडात चिमटा होता. तो काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही कशाला आलाय मग?"

मी गप.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कुठं वाचलेलं नव्हतं. म्हणाल्या, त्या पोरींचे केस वाढतात खरं खाली पडत नाहीत, आखडून वर फुलतात, ओले असताना हातभर आणि वाळल्यावर वीतभर. केस वळणावळणाचा असल्यामुळं टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, टोकं कोरडी राहतात, रोज फणी मारली की तुटतात. म्हणून स्वतःच्या केसांच्या बारीक वेण्या कातडीला चिकटून घालायच्या, अगदी उसाच्या सऱ्या ओढल्यासारख्या, इंग्रजीत त्याला मक्याच्या ओळींचंच नाव आहे, कॉर्नरो. आणि त्या सऱ्यांवर केसांच्या पट्ट्या वाकड्या सुईनं दोऱ्यानं शिवायच्या. झालं वीव्ह. चार-पाच तास बसायला लागतं. मग सहा-आठ आठवडे खालच्या केसांना फणी नाही, ऊन नाही, ओढाताण नाही, ते आपले आत निवांत वाढतात. मी समजत होते केस लपवायला लावतात, इथं तर केस जपायला पण लावतात.

सगळ्या त्यासाठीच लावतात असंही नव्हे. अक्का म्हणाल्या एक पोरगी फक्त इंटरव्ह्यूच्या आधी यायची, नोकरी लागली की काढायची. एकीला वाढदिवसाला लाल पाहिजे असायचे, नुसती मजा. एकीला सकाळी आठचं कॉलेज, स्वतःचे केस आवरायला दीड तास लागतोय, म्हणून. एकीची आई गावाकडनं फोन करून रडायची की असल्या केसांवर कोण करून घेणार तुला, म्हणून. आणि एक होती ती नुसती मैत्रिणीसोबत यायची, बसून चहा प्यायची, स्वतः कधीच लावलं नाही, वर सगळ्यांना शिव्या द्यायची. "वैनी, कारण एक नसतंय. तुम्ही साडी का नेसता विचारलं तर काय सांगशीला?"

खरं सांगू काय, तिथं खुर्चीत बसून मला शाळेतली एक मुलगी आठवली. माझं माहेर खानापूर तालुक्यात. आमच्या वर्गात हल्याळकडची एक सिद्दी मुलगी होती, मावशीकडं राहून शिकायची. बेळगावातल्या पुष्कळ लोकांना सिद्दी म्हणजे कोण हेच माहीत नसतं, पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकन माणसांचे वंशज, तिथनं निसटून हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात वस्ती केली, कोकणी-मराठी-कन्नड सगळं बोलतात, २००३ साली अनुसूचित जमातीत आले. तर शाळेचा नियम काय, दोन वेण्या, लाल रिबिनी, वर दुमडून बांधलेल्या. तिचे केस खालीच येत नव्हते तर दुमडणार काय. बाई रोज तिला वर्गाबाहेर उभं करायच्या, तेल लावून ये, विंचरून ये. तिची मावशी वाटीभर खोबरेल चोपडायची, तरी ते केस आपले वरच. आम्ही तिला काथ्या म्हणायचो. मी पण म्हणायचे. एक दिवस ती जवळजवळ टक्कल करून आली आणि आम्ही दिवसभर हसलो. दहावीच्या आधीच ती शाळेतनं गेली, कुठं गेली कुणी विचारलं नाही.

त्या रात्री घरी आल्यावर मोबाईल घेऊन बसले ते दीड वाजेपर्यंत. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका मुलींच्या शाळेत २०१६ मध्ये मुलींनी ह्याच गोष्टीवरून मोर्चा काढला होता, की आमचे केस उगवतात तसे ठेवू द्या. वाचताना माझ्या डोळ्यासमोर आमचा व्हरांडा. आणि अजून मागं गेलं तर १७८६ साली अमेरिकेतल्या लुइझियानात, तेव्हा स्पॅनिश राज्य होतं, गव्हर्नरनं हुकूम काढला की कृष्णवर्णीय बायकांनी, स्वतंत्र असल्या तरी, केस फडक्यानं झाकायचे, नटायचं नाही. त्या बायकांनी काय केलं, असली रंगीबेरंगी फडकी असल्या झोकात बांधली की तीच फॅशन झाली. वाह!

केस सरळ करायची धडपड पण जुनीच आहे. गुलामगिरीच्या काळापासून सरळ केस म्हणजे 'चांगले केस' असं डोक्यात बसवलेलं, गोऱ्यांच्या जवळचं ते चांगलं. आपल्याकडं स्थळाच्या जाहिरातीत 'गोरी, लांबसडक केस' लिहितात ते काय वेगळं आहे म्हणा. मॅडम सी. जे. वॉकर नावाची बाई, १८६७ चा जन्म, आईबाप गुलामगिरीतनं आलेले, तिचे स्वतःचे केस गळायला लागले म्हणून मलम विकता विकता स्वतःच मलम काढलं आणि त्याच्यावर मोठा धंदा उभा केला, हजारो बायकांना काम दिलं. म्हणजे केस गळण्यातनं माझा खिसा रिकामा झाला आणि तिचा भरला. वीव्ह शिवायच्या पद्धतीचं पेटंटसुद्धा क्लीव्हलंडच्या एका कृष्णवर्णीय बाईनंच, क्रिस्टिना जेंकिन्सनं, १९५० च्या दशकात घेतलंय.

वीव्हच्या आधीचा रस्ता म्हणजे रिलॅक्सर, केस सरळ करायचं क्रीम. ह्या क्रीमच्या एका जातीत साक्षात कॉस्टिक सोडा असतो, टाळू भाजते, फोड येतात, तरी लहान पोरींना पण लावायचे. २०२२ मध्ये अमेरिकेत ३३ हजारांवर बायकांच्या अभ्यासातनं आलं की केस सरळ करायची केमिकलं वरचेवर वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतंय. त्याच्यापुढं सुईदोरा बरा म्हणायचा. तोपण फार घट्ट शिवला तर कपाळावरचे केस मुळासकट मागं जातात, अक्का म्हणाल्या दोन बोटं सैल सोडायला शिकायलाच मला सहा महिने लागले. हे ऐकल्यावर मला आमच्या आज्जीचं कपाळ आठवलं, आयुष्यभर ताणून बांधलेला अंबाडा, पुढचे केस पार मागं. आणि आज्जी गंगावन घालायची की हो! पेटीत जपून ठेवलेलं, कुणी हात लावायचा नाही. अक्कांकडं कन्नडमध्ये त्याला चौरी म्हणतात. गंगावनाला कुणी कधी विचारलं नाही आज्जी तू हे का घालतेस, स्वतःचे केस आवडत नाहीत काय म्हणून.

अजून एक गोष्ट डोक्यातनं जाईना. अमेरिकेत अलाबामात एका बाईला नोकरी देऊ केली आणि तिच्या जटांसारख्या वळलेल्या केसांवरून काढून घेतली, २०१६ मध्ये अपील कोर्टानं पण कंपनीचीच बाजू घेतली. शेवटी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला की असल्या केसांवरून भेदभाव करायचा नाही. आणि आमच्या इथं सौंदत्तीला, पोरीच्या केसात जट झाली की यल्लम्मा आली म्हणायचं, भंडारा लावायचा, कापायचं नाही, आणि त्याच्यावरून किती पोरी देवाला सोडल्या, १९८२ चा देवदासीबंदीचा कायदा असूनसुद्धा. तिकडं जट ठेवली म्हणून नोकरी गेली, इकडं जट झाली म्हणून आयुष्य गेलं. पोरीला स्वतःला काय पाहिजे होतं, ते दोन्हीकडं राहिलंच. असो, मी टॉपरचा रिव्ह्यू लिहायला बसलेय.

तर टॉपर. खऱ्या केसांचा, बारा इंची, रंग काळा नव्हे, किंचित तपकिरी, अक्कांनी उजेडात खिडकीशी नेऊन माझ्या केसाशी जुळवला. १४,५०० पडले, वर कापून सेट करायचे ६००. घासाघीस केली, शंभर सोडले, वर चहा दोनदा. महाग आहे, होय. खरं लग्नात जेवणाच्या पंगतीपासून वरातीपर्यंत चौदा तास घातला, हलला नाही, आणि नणंदेच्या सासरची एक बाई म्हणाली केस बरे राखलेत हो तुम्ही. मी 'हो की' म्हणून गुलाबजाम खाल्ला.

तक्रारी पण सांगते. चिमट्या पहिल्या आठवड्यात टोचतात, डोकं दुखतं. उन्हात खाज येते, एप्रिलमध्ये बेळगावात घालवेल असं वाटत नाही. तेल अजिबात चालत नाही, जाळीला चिकटतं, आणि तेलाशिवाय डोकं म्हणजे आमच्या घरात बंडखोरी. रात्री काढूनच झोपायचं. महिन्याला अक्कांकडं धुवायला दिला तर ३५० घेतात, दोन दिवसांनी देतात म्हणतात, मला पाच दिवस लागले, दोन फेऱ्या फुकट गेल्या.

घेताना एक युक्ती अक्कांनीच शिकवली, केसाचा झुपका मुळाकडनं टोकाकडं बोटात ओढायचा, मग उलटा. उलटा ओढताना खरखर लागली आणि सुलटा गुळगुळीत, म्हणजे सगळे केस एका दिशेनं लावलेत, माल चांगला. दोन्हीकडनं गुंता होत असेल तर गळलेल्या केसांचे गोळे सोडवून केलेला. मी विचारलं हे तिरुपतीचे काय. आपली माणसं हरिप्रिया एक्स्प्रेसनं जातात, डोकं करून येतात, देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यातलेच अमेरिकेपर्यंत जाऊन वीव्ह होतात. अक्का हसल्या. "देवळातले म्हणून सगळेच विकतात वैनी, पावती कुणाकडं असत्या?" हे ऐकून मला त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

आणि गळलेल्यांचं पण वाया जात नाही. परवा दारात 'केसावर भांडीऽऽ' ओरडत बाई आली. सासूबाई फणीतले केस दारामागं पिशवीत साठवतात, ह्या वर्षी पिशवी माझ्यामुळं टच्च भरलेली. असले गोळे कोप्पळजवळ भाग्यनगरला जातात, तिथं बायका बसून एकेक केस सोडवतात, आणि तिथनं पुढं कुठं कुठं. माझा डेंगूचा केस कुणाच्या डोक्यावर जाणार कुणास ठाऊक. भांडीवालीनं सगळ्या पिशवीला एक स्टीलची वाटी दिली. सासूबाई झाकणासाठी भांडल्या, मिळालं नाही.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो जिन्यासाठी आणि त्या दोन फेऱ्यांसाठी. अक्का सोमवारी नसतात, दुपारी दोन ते चार जेवून झोपतात, तेव्हा दार वाजवू नका.