तलावातल्या माशांची मोजणी करून घेतली, सर्व्हेवाल्यांचा अनुभव (5 पैकी साडेतीन)

आमची मच्छीमार सोसायटी, तलाव तीनशे हेक्टरच्या आसपास, उजनीपासून फार लांब नाही. दोन वर्षं झाली कटला जाळ्यात येतोय तो पाऊण किलोचाच, मोठा माल दिसेनाच, म्हणून एका खाजगी पार्टीला मोजणीचं काम दिलं. नाव लिहीत नाही, भांडण करायचं नाहीये, पण दुसऱ्या सोसायट्यांच्या कामाला येईल.

आधी चूक सांगतो. पहिल्या फेरीत त्यांनी 200 कटल्यांना टॅग मारून सोडलं. हिशेब साधा असतो बघा, 200 खुणेचे सोडले आणि नंतर पकडलेल्या 300 मध्ये 6 खुणेचे निघाले तर 200 गुणिले 300 भागिले 6, म्हणजे पाण्यात अंदाजे 10,000 मासे. पण सोडलेला मासा सगळ्या तलावात मिसळला तरच हे खरं, आणि ह्यांनी सगळे तलावाच्या बांधाच्या भिंतीजवळच सोडले अन् चौथ्या दिवशी तिथंच जाळी टाकली. साहजिकच टॅगवाले भरपूर घावले आणि तलावात मासाच उरला नाही असा आकडा आला. आमच्यातले एक म्हातारे काका तिथल्या तिथं म्हणाले, आरं तो मासा अजून भिंतीपासनं हललाच नाही. पार्टीनं ते ऐकलं, चार ठिकाणी सोडून तीन आठवडे थांबून परत मोजलं, जादा पैसे न घेता. ह्याचे मार्क द्यायलाच पाहिजेत.

आमची एक समजूत पण त्यांनी मोडली. मे महिन्यात एका जाळ्याला जास्त माल लागतो म्हणून आम्ही खूश असायचो, पण पाणी उतरलं की आहे तोच मासा थोड्या जागेत दाटतो, वाढलेला नसतो. आता वहीत रोजच्या किलोबरोबर जाळी किती टाकली अन् पाण्याची पातळी किती होती हे पण लिहितो.

सगळ्यात भारी काम मापाच्या फळीचं. लाकडी फळी, एका टोकाला आडवी पट्टी, तिला माशाचं तोंड टेकवायचं अन् शेपटीपर्यंतचे सेंटीमीटर वाचायचे. पाच वेगवेगळ्या आसांची (आस म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप) जाळी आणली होती कारण एका आसेत एकाच अंगाचा मासा अडकतो, बारीक निसटतो आणि मोठा आत शिरतच नाही. माझा पोरगा दर महिन्याला फळीवर बसायचा, हात खवल्यांनी भरलेले. वर्षभराची मापं कागदावर मांडली तर एकाच वर्षी सोडलेल्या बोटुकलीचा, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचा, ढीग मोठ्या मापाकडं सरकताना दिसतो अन् किलोच्या अलीकडं एकदम संपतो, म्हणजे वाढायच्या आधीच आम्ही काढत होतो. कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पावसाळ्याचं वाहतं पाणी लागतं, आमचा सगळा माल विकत आणून सोडलेल्या बोटुकलीचा, तर त्याला अजून एक वर्ष द्यायचं की नाही एवढाच प्रश्न.

मरळ, शिंगाडा ह्या माशांचं वेगळं, ते इथंच वितात. मरळीची लालसर पिल्लं पावसाळ्यात एकत्र गोळ्यानं वर तरंगतात आणि खाली नर-मादी राखण करतात, आपण ती जोडी उचलली की गोळा दुसऱ्या माशांच्या तोंडी जातो. त्या दिवसांत गवताच्या कडेला जाळं टाकायचं नाही, हा त्यांचा सल्ला आम्ही लगेच घेतला.

मार्क कापले ते रिपोर्टसाठी. जाडजूड, सगळा इंग्रजीत, सभासदांपैकी किती जण वाचणार. मराठीत चार पानं मागितली तर महिना लावला. काम देताना आधीच लिहून घ्या की मराठी रिपोर्ट पाहिजे, कच्च्या वहीची कॉपी पाहिजे अन् मोजणी बारा महिने पाहिजे, दोन दिवस येऊन फोटो काढून जाणारे पण आहेत.

आणि एक गोष्ट त्यांनी सोडवलीच नाही. कटल्यासाठी आस मोठी करा म्हणाले, बरोबर आहे, पण आमचं रोजचं घर चिलापी माशावर चालतं अन् चिलापीला बारीक आसच लागते, त्यात कटल्याची पिल्लं येतातच. ह्यावर रिपोर्टमध्ये एक ओळ नाही. शेवटी मीटिंगमध्ये आम्हीच ठरवलं, चिलापीची जाळी फक्त कडेच्या उथळ पाण्यात, पहाटे लवकर काढायची, जिवंत कटला होडीतूनच परत सोडायचा. दिवाळीनंतर फळी घेऊन परत मोजणार आहोत, ह्यावेळी आमची आम्हीच.