मेरिनो, लॅम्ब्सवूल, पश्मिना आणि घोंगडी: निफाडच्या थंडीतला वापरानंतरचा अनुभव

आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. त्या दिवसांत द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, म्हणून कांद्याला, गव्हाला पाणी रात्रीच भरावं लागतं. पाय चिखलात, अंगाला वारा, आणि मधेच वाफ्याचं दार मोडायला फावडं मारलं की घाम. पूर्ण हिवाळाभर घरात चार प्रकारची लोकर वापरली, त्यावरून लिहितो आहे. विकत घेताना बहुतेक जण हात फिरवून 'मऊ आहे का' एवढंच बघतात. माझ्या मते आधी ठरवायचं ते हे, की ती लोकर अंगाला लागून बसणार आहे, मधे बसणार आहे, की सगळ्यात बाहेर.

टोचणं हे तंतूच्या जाडीवर असतं. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. साधारण तीस मायक्रॉनच्या वरचे तंतू वाकत नाहीत, त्यांची टोकं कातडीत रुततात आणि खाज सुटते. पुष्कळांना 'लोकरीची अ‍ॅलर्जी' वाटते ती बहुधा हीच. मेरिनो मेंढीची लोकर चोवीसच्या आत असते, अंगालगतच्या बारीक कपड्यांची तर अठराच्या आसपास. म्हणून पूर्ण बाह्यांचा पातळ मेरिनो बनियन मी थेट उघड्या अंगावर घालतो. त्याने जो फरक पडला तो मला खरंच मोठा वाटतो. सुती बनियन घामाने भिजतो आणि काम थांबलं की पाठीवर गार पडतो, हुडहुडी तिथूनच भरते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. शिवाय ओलावा शोषताना थोडी ऊबही सोडते. वासही धरत नाही. रात्रीचं काम झालं की बनियन वाऱ्यावर टांगायचा, पुढच्या रात्री पुन्हा अंगात.

पण मेरिनो नाजूक आहे. खांद्यावर फवारणीचा पंप किंवा पाइपाचं भेंडोळं घेतलं की घासून विरतो. माझ्या बनियनला उजव्या खांद्यावर जाळी पडली आहे. कष्टाच्या कामात त्याच्यावर दुसरं काहीतरी घालायलाच हवं.

मधल्या थरासाठी हिमाचलकडचा हातविणीचा लॅम्ब्सवूल स्वेटर आहे. कोकराची पहिल्या कातरणीची ही लोकर. सैल विणीत हवा अडकून राहते आणि ऊब त्या हवेची असते. वारा आला की ती हवा निघून जाते, त्यामुळे मोटारसायकलवर नुसता स्वेटर काही कामाचा नाही, वर विंडचीटर लागतोच. काखेत आणि मनगटापाशी गोळे येतात, ते ब्लेडने हलक्या हाताने काढता येतात. घरात आणि शाळेत माझी बायको हाच वापरते, तिची काही तक्रार नाही.

आता घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर तीस मायक्रॉनच्या बरीच वर, त्यात केसाळ तंतू मिसळलेले. अंगाला लावली तर टोचणारच, ती त्यासाठी नाहीच. धनगरांच्या कळपातली ही लोकर वर्षातून दोनदा कातरतात, सनगर मंडळी खड्ड्याच्या मागावर विणतात आणि सुताला चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी त्या खळीमुळे पुठ्ठ्यासारखी ताठ असते. वापरता वापरता मोकळी होत जाते. बाहेरचा थर म्हणून मला तिच्या जवळपास जाणारं काही सापडलं नाही. खोळ करून डोक्यावरून घेतली की वारा अडतो, दव वरच्या वर राहतं, झटकलं की गेलं. आणि शेकोटीपाशी ती सगळ्यात भरवशाची. लोकर सहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर काळा डाग पडतो, ठिणगी तिथेच विझते. अ‍ॅक्रिलिकच्या शालीवर तीच ठिणगी पडली तर शाल वितळून अंगाला चिकटते. शेकोटीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर अ‍ॅक्रिलिक देऊ नका, हे मी कळकळीने सांगतो.

तिचे तोटे म्हणजे वजन, आणि भिजल्यावर वाळायला लागणारा वेळ. फावडं चालवताना अंगावर राहत नाही, बांधावर काढून ठेवावी लागते.

पश्मिना आईसाठी आहे. लडाखच्या चांगथांगमधल्या शेळीच्या अंगावरची ही आतली लव, बारा ते सोळा मायक्रॉनची, वसंतात विंचरून काढतात. आईचे खांदे दुखतात, जड काही सोसत नाही, तिला ही शाल वजनाशिवाय ऊब देते. बांगडीत अडकून एक धागा ओढला गेला आहे. घराबाहेर ती नेऊ नये. विकणारे अंगठीतून शाल काढून दाखवतात त्याला काही अर्थ नाही, पातळ व्हिस्कोस, म्हणजे कृत्रिम रेशमासारखं कापडही अंगठीतून जातं. पदराचा एखादा सुटा धागा जाळून बघावा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख आली तर प्राण्याची लव, कडक गोळी झाली तर प्लॅस्टिक. मेंढी की शेळी, हे मात्र त्यातून कळत नाही.

या चारांखेरीज अंगोऱ्याचे, म्हणजे सशाच्या लोकरीचे मोजे फार उबदार, पण केस फार गळतात. घरात चपलेत ठीक, गमबुटात नको.

धुण्याचं एकच सांगतो: साधी पावडर नको. डाग काढणारी एन्झाइमं त्यात बऱ्याचदा असतात, आणि लोकर हेही प्रथिनच, ती तिलाही खातात. आम्ही रिठ्याच्या पाण्यात, गार पाण्याने धुतो, पिळत नाही, टॉवेलात गुंडाळून दाबतो आणि खाटेवर सावलीत पसरतो. टांगलं की ओल्या वजनाने लांबतं. गरम पाण्यात चोळलं तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून कपडा आटतो, तो परत येत नाही. ठेवताना धुऊनच ठेवावं, कारण कसर आधी घामाच्या आणि खरकट्याच्या डागावर लागते. उन्हाळ्यात एकदोनदा उन्हात झटकून घेतो.

किमतीचं म्हणाल तर चांगल्या मेरिनो बनियनला हातमागाच्या घोंगडीच्या आसपास पैसे पडतात. एकच घ्यायची असेल आणि रात्री शेतात, किल्ल्यावर किंवा उघड्यावर काम असेल तर मी घोंगडी घ्या म्हणेन, आत कुठलाही मऊ कपडा चालेल. दुचाकीवरून नोकरीला जाणाऱ्याने मेरिनो घ्यावा. घोंगडी घेताना विणकरालाच विचारा की ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही लोकरीचे आहेत का. हल्ली सुती किंवा कृत्रिम ताण्याच्याही मिळतात. मटणासाठी मडग्याळसारख्या जातींकडे कल वाढला, त्यांना लोकर जेमतेम असते, आणि दख्खनी लोकरीला भाव नाही म्हणून ती कातरून टाकून देणारे मेंढपाळही आहेत. पूर्ण लोकरीची मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या आणि तीच घ्या.