जाम झालेला पुढचा ब्रेक आणि उद्यमनगरातून आणलेला कॅलिपर किट

जुलैच्या शेवटी माझी अकरा वर्षांची हॅचबॅक तीन आठवडे अंगणात पावसात उभी होती. बाहेर काढली तेव्हा ती डावीकडे ओढू लागली, आणि कोल्हापुरात कळंब्याहून रंकाळ्यापर्यंत येईतो पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येऊ लागला. उजवी डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी, कोमट होती. डावीजवळ हात धरवत नव्हता. पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला घासतच राहत होते, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर जाम झाला होता. एका गॅरेजमध्ये अख्खा कॅलिपर बदलण्याचा सल्ला मिळाला. तो मानण्यापूर्वी शिवाजी उद्यमनगरातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन्ही पुढच्या चाकांचे कॅलिपर किट आणले आणि घरीच काम करायचे ठरवले. दोन्ही किट मिळून ५०० रुपयांच्या आत पडले.

एका चाकाच्या किटमध्ये पिस्टनचे चौकोनी छेदाचे सील, पिस्टनवर बसणारे, धूळ रोखणारे रबरी आवरण म्हणजे बूट, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन पिनांची रबरी बुटे, खालच्या पिनेच्या टोकावरचे रबरी बुश आणि गुलाबी ग्रीसची एक लहानशी पुडी एवढे सामान येते. दुकानदाराने पुडी बोटाने दाबून दाखवली आणि म्हणाला, “ही फेकू नका साहेब, खरा माल ह्यातच हाय. दुसरं ग्रीस रबराला चालत न्हाई.” त्या वेळी मी नुसती मान डोलावली, त्याचे म्हणणे किती खरे होते, ते खालची पिन हातात आल्यावर कळले.

मागच्या चाकांना दगड लावून, जॅकवर विसंबून न राहता खाली स्टँड देऊन चाक काढले. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपरचे पूर्ण अंग दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेते. पिना सरकल्या नाहीत, तर पिस्टन कितीही चांगला असला तरी आतला पॅड घासत राहतो. माझा आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्माच उरला होता, त्यामुळे आधी पिनांकडेच लक्ष दिले.

वरच्या पिनेचे बूट फाटले होते आणि आत सरळसरळ गंज चढला होता. गंज सोडवणारा स्प्रे मारून ती रात्रभर तशीच ठेवली. सकाळी ओढाताण न करता रिंग पान्याने पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असे करत आणि पिना ज्यात बसतात त्या ब्रॅकेटवर लाकडी हातोडीचे हलके ठोके देत राहिलो, तेव्हा बुडाशी तपकिरी पाणी पाझरले आणि थोड्याच वेळात पिन सुटली. इथे गॅसची ज्योत लावण्याचा मोह आवरावा. शेजारीच रबर आहे आणि नळीत ब्रेक ऑइल आहे.

खालच्या पिनेची गोष्ट वेगळी निघाली. ती गोल फिरत होती, पण बाहेर येत नव्हती, आणि स्प्रेचा तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. शेवटी पक्कडीने फिरवत फिरवत बाहेर ओढली, तेव्हा टोकावरचे बुश भिजलेल्या चण्यासारखे फुगलेले दिसले आणि त्याभोवती काळे, तारेसारखे ओढले जाणारे बेअरिंगचे ग्रीस होते. गंजाचा तिथे ठिपकाही नव्हता. मागच्या सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी हाताशी होते ते ग्रीस भरले असणार. ब्रेकमधले रबर ब्रेक ऑइल सोसण्यासाठी बनवलेले असते. खनिज तेलाचा अंश असलेले ग्रीस लागले की ते फुगते, मऊ पडते आणि भोकात घट्ट बसते. म्हणजे माझा ब्रेक निम्मा पावसाने आणि निम्मा निष्काळजी हाताने जाम झाला होता. सोडवण्याचा स्प्रेही बहुधा पेट्रोलियमचाच असतो. त्यामुळे तो फक्त लोखंडावर वापरावा आणि नवे रबर बसवण्यापूर्वी भोक ब्रेक क्लीनरने व कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्यावे. या कामात माझी खरी शिकवणी इथेच झाली आणि किटमधल्या पुडीची किंमतही इथेच समजली.

पिस्टन काढताना हवेचा दाब वापरू नये. तो सुटला की गोळीसारखा येतो आणि बोटे चेपतो. मी कॅलिपरमध्ये लाकडाचा ठोकळा धरला आणि पुतण्याला पेडल हळूहळू दाबायला सांगितले. गाडी जुनी असेल तर पेडलखालीही एक ठोकळा ठेवावा, कारण पेडल तळापर्यंत गेले की ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरची सीले कधी न घासलेल्या, गंजलेल्या भागावरून जातात आणि कापली जातात. पिस्टनचा क्रोम मुलामा चकाकता निघाला, हे माझे नशीब. त्यावर नखाला लागतील असे खड्डे पडले असतील, तर हा किट घेऊन उपयोग नाही. नवीन सीलही तिथून गळणार, आणि गॅरेजवाल्याचा सल्लाच मग योग्य ठरतो.

चौकोनी सीलचे काम फक्त गळती थांबवण्याचे नसते. ब्रेक दाबला की ते किंचित पिळते आणि सोडला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे खेचते; पॅड मोकळा होतो तो यामुळे. जुने सील कडक झाले की ही ओढ संपते. नवीन सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवले, आणि पिस्टन अंगठ्याच्या दाबाने सरळ आत गेला. ऑइल मात्र टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचे आणि नव्या, सीलबंद बाटलीतलेच घ्यावे, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस असतो, तो ओलावा मुरल्यावर १५५ पर्यंत खाली येतो.

किटविषयी माझ्या तक्रारी दोन आहेत. पुडीतले ग्रीस एका चाकाला जेमतेम पुरते, सांडले तर संपलेच. आणि आतला कागद फक्त इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. घरी काम करणाऱ्या माणसाला नळीच्या बोल्टचे तांब्याचे वायसरही सोबत हवे होते. मी नळी न काढता कॅलिपर तारेने वर बांधून काम उरकले, पण ज्याला नळी काढावी लागेल त्याने नवे वायसर आधीच आणून ठेवावेत. रबराची प्रत आणि मापे मात्र अचूक होती. बुटांच्या कडा खाचेत टिचकन बसल्या.

पुतण्या पेडलवर आणि मी कॅलिपरच्या हवा सोडायच्या निप्पलवर, अशी ऑइलमधली हवा काढायला अर्धा तास लागला. उजव्या चाकाचे काम दुसऱ्या रविवारी केले. त्यानंतर पन्हाळ्यावर जाऊन आलो. उतारावर ब्रेक वापरत खाली आलो आणि वाघबिळापाशी गाडी थांबवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेला. दोन्ही सारखीच गरम होती.