मिशिगन की पिट्सबर्ग? मामांच्या द्राक्षबागेवरून सांगतो

लर्निंग क्लासिफायर सिस्टीम, म्हणजे विदेतून (डेटातून) ‘असं असेल तर तसं’ असे नियम स्वतः शिकणारी प्रणाली, वापरायची हे पक्कं झालंय, पण तिच्या दोन पद्धतींपैकी मिशिगन घ्यावी की पिट्सबर्ग इथे गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. ह्या प्रणाली नियम शोधतात ते जेनेटिक अल्गोरिदमने, म्हणजे उत्तरांची वस्ती करून पिढ्यानपिढ्या चांगली तेवढी निवडत आणि थोडी बदलत जाऊन. ते तुम्हाला ठाऊक असणार, तेव्हा तिथे वेळ घालवत नाही. मी दोन्ही वापरून पाहिल्या आणि शेवटी एकीवर थांबलो. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच. तरी माझा अनुभव एका बागेचा आहे, हे धरून वाचा.

गाण्यातल्यासारखीच इथेही घराणी गावांच्या नावाने चालतात. जॉन हॉलंड मिशिगन विद्यापीठातले. त्यांनी आणि रीटमन यांनी १९७८ मध्ये सीएस-१ मांडलं, ते मिशिगन घराणं. स्टीफन स्मिथ यांनी १९८० मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात पीएचडीसाठी एलएस-१ केलं, ते दुसरं. मिशिगनमध्ये एक नियम म्हणजे एक जीव, आणि सगळी वस्ती मिळून एक उत्तर. पिट्सबर्गमध्ये अख्खा नियमसंच म्हणजे एक जीव, आणि वस्तीत असे शेकडो संच एकमेकांशी स्पर्धा करतात. बाकीचे सगळे फायदे-तोटे ह्या एका फरकातून निघतात, मला पुढे झालेला मनस्तापसुद्धा.

माझं काम असं होतं. निफाड तालुक्यात मामांची द्राक्षबाग आहे. शेजारच्या दोन प्लॉटांची आणि त्यांची मिळून चार हंगामांची नोंद हाताशी होती: गोडी छाटणीनंतरचे दिवस, आर्द्रता, पान किती तास ओलं राहिलं, किमान तापमान, पाऊस, मागची फवारणी होऊन किती दिवस झाले. आणि मामांच्या डायरीतून काढलेलं उत्तर, की पुढच्या आठवड्यात पानावर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, दिसली की नाही. काही हजार ओळी. न्यूरल नेटवर्क नको होतं, कारण मामा एकच प्रश्न विचारतात, ‘का?’ नियम हवे होते, वाचता येतील असे.

सुरुवात मिशिगनने केली. सगळेच करतात. स्टुअर्ट विल्सन यांनी १९९५ मध्ये एक्ससीएस आणलं आणि ह्या घराण्याला नवा जन्म दिला. नियम किती बक्षीस मिळवतो यापेक्षा तो आपल्या बक्षिसाचा अंदाज किती अचूक सांगतो यावर त्याचा फिटनेस, म्हणजे टिकण्याची लायकी, ठरवायचा, ही कल्पना साधी आणि फार हुशार. तिचा एक गमतीचा परिणाम असा की एक्ससीएसमध्ये हमखास चुकणारा नियमही मानाने नांदतो. ‘हे केलंस तर शून्य मिळेल’ हे तो अगदी अचूक सांगतो ना! सहा बिटांच्या मल्टिप्लेक्सरला, म्हणजे ह्या प्रणाली तपासायच्या नेहमीच्या कोड्याला (दोन बिट पत्त्याचे, चार माहितीचे; पत्ता दाखवेल तो माहितीचा बिट हेच उत्तर), खरं तर ८ बरोबर नियम पुरतात. एक्ससीएस १६ ठेवतं, ८ बरोबर आणि ८ खात्रीने चूक. मला फक्त वर्गीकरण करायचं होतं, म्हणून मी यूसीएस घेतलं. ते ह्याच बांध्याचं, पण बरोबर उत्तराचेच नियम सांभाळतं.

मल्टिप्लेक्सरवर ते इतकं सुंदर चाललं की मी त्याच रात्री मामांना फोन केला. तीच चूक झाली. मल्टिप्लेक्सर हा शाळेतला पाढा आहे. त्यात गोंगाट नाही, सगळे आकडे ० किंवा १, आणि बरोबर नियम शंभर टक्के बरोबर असतो. बागेत तसं काही नसतं. त्याच आर्द्रतेत, त्याच दिवशी एका प्लॉटवर डाऊनी येते आणि बांधापलीकडे येत नाही, कारण पलीकडच्याने फवारणी केली आणि ती डायरीत लिहिलीच नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, ती. दिवाळीच्या आधी मामांना दाखवायला म्हणून नियम छापले. फिटनेसप्रमाणे उतरत्या क्रमाने लावले. पहिलं पान असं होतं:

छाटणीनंतर २२ ते ५१ दिवस, पान साडेसहा तासांहून जास्त ओलं, मागची फवारणी पाच दिवसांहून जुनी: धोका.

छाटणीनंतर २१.६ ते ५०.९ दिवस, पान ६.७ तासांहून जास्त ओलं, मागची फवारणी पाच दिवसांहून जुनी: धोका.

छाटणीनंतर २२.३ ते ५१.४ दिवस, पान ६.४ तासांहून जास्त ओलं, मागची फवारणी पाच दिवसांहून जुनी, किमान तापमान ९ ते ३१: धोका.

पुढे असंच. तिसऱ्यातली ‘९ ते ३१’ ही अट म्हणजे अट नाहीच. आमच्याकडे त्या दिवसांत किमान तापमान त्याच्या बाहेर क्वचितच जातं, पण यंत्राच्या लेखी तो वेगळा नियम. मामांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, चष्मा काढला.

‘ह्यातला कुठला धरायचा?’

‘मामा, सगळे मिळून मतदान करतात.’

‘अरे, मग सोसायटीची निवडणूक आहे का ही?’

हसू आलं, पण ते बरोबर बोलत होते. एकाच गोष्टीचे पन्नास भाऊबंद एकाच घरात राहत होते आणि एकाचंही नाव रेशनकार्डावरून कमी होत नव्हतं.

का होत नव्हतं, हे समजायला मला दोन आठवडे लागले, आणि निवड करताना तेवढंच समजून घेतलंत तरी पुष्कळ. मिशिगनमध्ये भाऊबंद कमी करायची सोय आहे, तिला सबसम्प्शन म्हणतात. एक नियम दुसऱ्याला पोटात घेतो. पण त्याला तीन अटी आहेत. पोटात घेणारा पुरेसा अनुभवी हवा, दुसऱ्यापेक्षा व्यापक हवा, आणि अचूक हवा. यूसीएसमध्ये अचूकतेची नेहमीची पट्टी ०.९९ आहे. बागेच्या विदेत ०.९९ अचूक नियम जन्माला येतच नाही, त्यामुळे सबसम्प्शन चालू होतं, पण कधी घडलंच नाही. आणि व्यापकतेची गोष्टही तशीच. २२ ते ५१ आणि २१.६ ते ५०.९ यांतला एक उजवीकडे बोटभर जास्त पसरलेला, दुसरा डावीकडे. कुणीच कुणात मावत नाही. म्युटेशन, म्हणजे नियमांत होणारे आपोआपचे बदल, दर फेरीला हे काठ थोडे थोडे हलवत राहतं, त्यामुळे हुबेहूब तोच नियम पुन्हा जन्मून त्याची न्युमरॉसिटी, म्हणजे प्रतींची संख्या, वाढावी, तेही होत नाही.

मग पट्टी खाली आणली. ०.८५ केली तर एका ढोबळ नियमाने, ‘पाऊस झाला तर धोका’, चांगल्या चांगल्या नियमांना गिळून टाकलं. ०.९३ केली तर पुन्हा भाऊबंद. नंतर आवरसावर करणारे कॉम्पॅक्शनचे अल्गोरिदम आहेत, तेही लावले. यादी बरीच आटली, पण तरी पन्नास-साठ नियम उरले, आणि तेवढे वाचतील असे मामा माझ्या ओळखीत नाहीत.

पिट्सबर्गकडे मी नाइलाजाने गेलो, हे कबूल करतो. ते जुनं आणि जड, असा माझा समज होता. जड तर आहेच. प्रत्येक जीव म्हणजे अख्खा नियमसंच, आणि प्रत्येक पिढीत प्रत्येक संच सगळ्या ओळींवरून फिरवायचा. पहिल्या रात्री लॅपटॉप लावून झोपलो, सकाळी पंखा अजून गरगरत होता. वर नियमसंच फुगतात. पहिल्या फेरीतल्या विजेत्या संचात असे नियम होते जे एकाही ओळीला लागू पडत नव्हते, नुसते प्रवासी.

ह्या दोन्ही दुखण्यांवर जाउमे बाकार्दित यांनी बार्सिलोनात पीएचडीत, २००४ मध्ये, चांगली औषधं काढली. त्यांच्या गॅसिस्ट प्रणालीत लांबलचक संचाला फिटनेसमध्येच दंड बसतो, मिनिमम डिस्क्रिप्शन लेन्थच्या, म्हणजे कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त सांगण्याच्या, हिशोबाने. विदा तुकड्यांत वाटून दर पिढीला एकच तुकडा दाखवतात, त्यामुळे वेळ बराच वाचतो. आणि मला सगळ्यात भावलं ते हे, की अंकांचे काठ कुठेही हलत नाहीत, आधी आखलेल्या रेघांवरच पडतात, आणि जवळजवळचे कप्पे एकत्र होतात. २१.६ आणि २२.३ चं भांडण उरतच नाही.

निकाल: नऊ नियम. एक पान. वरून खाली वाचायचे, पहिला लागू पडेल तो धरायचा.

अचूकतेचं म्हणाल, तर मोजून तक्ता केलेला नाही, पण दोन्ही जवळपास होत्या. मिशिगन उगीच थोडं पुढे असेल. तेवढ्यासाठी मी पन्नास भाऊबंद पोसणार नाही.

पिट्सबर्गच्या खोडी लपवत नाही. वरून खाली वाचायचं म्हणजे पाचव्या नियमाचा अर्थ वरचे चार लागू पडले नाहीत तरच लागतो. मामांनी पाचवा एकटाच उचलला आणि ‘हे तर चुकीचंय’ म्हणाले, आणि एकटा वाचला तर तो चुकीचाच होता. दुसरं, बीज (यादृच्छिक निवडींची सुरुवात ठरवणारा आकडा) बदलून पुन्हा चालवलं की संच बदलतो. मी दहा वेळा चालवलं, दहा वेगळी पानं आली, अचूकता तीच. पण दहा पानं टेबलावर पसरून ‘पान ओलं’ आणि ‘मागची फवारणी’ सगळीकडे आहेत हे डोळ्यांनी दिसतं. हजार नियमांच्या दोन याद्या शेजारी ठेवून तेच काम करून पाहा.

मिशिगन कुणी घ्यावं? विदा एकेक ओळ करून येत राहते आणि प्रणालीने चालता चालता शिकायचंय, तर पर्याय नाही. चक्रव्यूहात वाट शोधणारा एजंट, बक्षीस उशिरा मिळणारे प्रश्न, हे एक्ससीएसचं माहेर आहे. पिट्सबर्गला अख्ख्या संचाला एकच गुण मिळतो, त्यात कुठला नियम कमावता आणि कुठला ऐतखाऊ हे कळत नाही. तसंच ज्या विदेत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी कारणं लागू पडतात, उदाहरणार्थ जनुकांचे आणि आजारांचे अभ्यास, तिथेही मिशिगन फार ताकदीचं आहे. एक्स्ट्राक्स ह्या प्रणालीने १३५ बिटांचा मल्टिप्लेक्सर थेट सोडवलाय, ही चेष्टा नव्हे. पायथनमध्ये काम करत असाल तर ह्या घराण्यातल्या एक्ससीएस, ईएलसीएस आणि एक्स्ट्राक्स तिन्ही सायकिट-लर्न ह्या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या धाटणीत मिळतात. पिट्सबर्गला तेवढं आयतं ताट नाही. मी जावातलं केईईएल हे सॉफ्टवेअर वापरलं, त्यात यूसीएस आणि गॅसिस्ट दोन्ही आहेत. दिसायला जुनाट, पण तुलना करायची तर तिथेच करा.

गॅसिस्ट घेतलंत तर एक सेटिंग हाताने बघा: डिफॉल्ट वर्ग, म्हणजे एकही नियम लागू पडला नाही तर काय म्हणायचं. ते आपोआपवर सोडलं तेव्हा माझ्या विदेत डिफॉल्ट ‘धोका’ आला, आणि सगळे नियम ‘कधी फवारू नये’ असे निघाले. अचूक होते, पण मामांना ते उलटे वाटले. शेतकरी कधी मारायचं हे विचारतो, कधी नाही हे नाही. मग डिफॉल्ट ‘धोका नाही’ असा बांधून घेतला आणि पुन्हा रात्रभर लॅपटॉप लावला.

ते पान आता औषधांच्या खोलीत, पंपाच्या वर चिकटवलंय. शेवटच्या ओळीत छापलंय, ‘यांपैकी काहीच नसेल तर थांबा.’ त्याखाली मामांनी निळ्या पेनाने स्वतःचा दहावा नियम लिहिलाय: ‘आभाळ भरलं तर वाट बघू नका.’