घंगाळाला भोक पाडावे की आत कुंडी ठेवावी? जुन्या वस्तू बागेत नेण्यापूर्वीचा हिशेब

बेळगावातील शहापूर, वडगाव किंवा जवळच्या खानापूरकडचे एखादे जुने घर उतरवले जाते तेव्हा वाटणीत बहुधा सारख्याच वस्तू निघतात: तांब्याचे घंगाळ, दगडी जाते, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणि कोरीव चौकटीचे सागवानी दार. नव्या घरात त्यांना जागा नसते आणि मोडीत घालायला मन धजत नाही, म्हणून त्या बागेत जातात. तेथे मार्ग दोनच आहेत. एक, वस्तूला भोक पाडून, कापून किंवा रंगवून बागेच्या कामाची करणे. दुसरा, तिला धक्का न लावता, पुन्हा जशीच्या तशी उचलून घेता येईल अशा रीतीने वापरणे.

किमतीचा विचार करताना एक भेद आधी लक्षात घ्यावा लागतो, कारण जुन्या वस्तूला एकच भाव नसतो. मोडीचा भाव वजनावर ठरतो, वापराचा भाव भांडे पाणी धरते की नाही यावर ठरतो आणि हौशी संग्राहक देतो तो भाव घडण, अखंडपणा व मूळ रूप यांवर अवलंबून असतो. घंगाळाच्या तळाला चार भोके पाडली तर मोडीचा भाव जवळजवळ तेवढाच राहतो, वापराचा भाव संपतो आणि संग्राहकाचा भाव सर्वांत जास्त घसरतो. मोडवाला ‘काही फरक पडत नाही’ म्हणतो ते त्याच्यापुरते खरे असते, आणि नेमका त्याच सल्ल्यावर विसंबून अनेक जण ड्रिल हाती घेतात.

तांब्याच्या बाबतीत तर भोक पाडूनही बागेचे काम नीट साधत नाही. खानापूर भागातील जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. अशी ओली माती थेट तांब्याला लागून राहिली की धातू हळूहळू विरघळतो आणि मातीत वाढलेले तांबे मुळांची वाढ खुंटवते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण बुरशी मारते ते तांब्याच्याच बळावर, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. म्हणजे भांडेही झिजते आणि रोपही दबते. याउलट खानापूरची साधी भाजलेल्या मातीची कुंडी घंगाळात ठेवली, तिच्याखाली दोन विटांचे तुकडे सरकवले आणि साचलेले पाणी वरचेवर काढून टाकले, तर घंगाळाचे काहीच बिघडत नाही. पावसाळ्याचे चार महिने मात्र ते पडवीत आणावे, कारण येथला पाऊस भोक नसलेले भांडे एका रात्रीत भरतो.

घासून लखलखीत करण्याचा मोहही तितकाच महाग पडतो. तांबटाने केलेले मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची घडण, आणि काठाजवळ कोरलेले नाव ही त्या भांड्याची ओळखपत्रे असतात. आमच्या घरी एका हंड्यावर आजीच्या माहेरचे नाव मराठीत आणि दुसऱ्यावर कन्नडमध्ये आहे. भांडे कोणत्या बाजारातून आले, हे त्यावरूनच कळते. यंत्रावर बफिंग केले की ही अक्षरे बुजतात आणि ती पुन्हा कोरून घेतली तरी त्यांना जुनेपण येत नाही. चिंच आणि मीठ लावून हाताने घासणे एवढे पुरेसे आहे. विकायचे असेल तर तेही करू नये.

जात्याचा प्रश्न सोपा आहे. वरच्या तळीला घास घालायचे तोंड आधीच असते, त्यामुळे तिला काही करावेच लागत नाही. नुकसान होते ते दोन्ही तळ्या वेगळ्या करून पायवाटेत सिमेंटने बसवल्याने: जोडी फुटते आणि दगडाला घट्ट चिकटलेले सिमेंट काढताना कडा उडतात. पाऊलवाटेसाठी दगड हवाच असेल तर वाळूवर मोकळा बसवावा. शिवाय साध्या, बिनकोरीव जात्याला संग्राहकाचा भाव फारसा नसतोच. तेव्हा तेथे फार जपण्याचे कारण नाही.

बरणीचे उलटे आहे. चिनी मातीला भोक पाडताना झिलई टवकते आणि कधी तळापासून चीर वर चढते. झाकणासकट अखंड, कारखान्याचा शिक्का स्पष्ट असलेली बरणी आणि भोक पडलेली बरणी यांची तुलनाच होत नाही. आधीच चीर गेलेली किंवा झाकण हरवलेली एखादी बरणी असेल तर प्रयोग तिच्यावर करावा.

दाराच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: ते उघड्यावर नेऊच नये. बाकासाठी दार मधोमध कापले, कडी-कोयंडा आणि पितळी फुले उपटली, वर ऑइल पेंट चढवला की उरते ते जुने लाकूड, आणि लाकडाचा भाव घनफुटावर होतो. न कापताही ऊन, पाऊस आणि वाळवी सागवानाला सोडत नाहीत. पडवीच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर, खुंट्यांवर टेकवलेले अख्खे दार मात्र शोभतेही आणि उद्या विकताही येते.

एका प्रकारच्या वस्तूंबाबत निवड आपल्या हातात नाही. हलशीसारख्या, कदंब राजांच्या काळापासूनच्या गावांच्या आसपास शेताच्या बांधावर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, किंवा कोरीव शिळा आढळतात; त्या उचलून कारंज्याशेजारी मांडणे हा हौसेचा विषय नव्हे. १९७२ च्या पुरावशेषविषयक केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी शिल्पे पुरावशेष ठरतात, दगडी शिल्पांची नोंदणी करावी लागते आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

भोक आधीच पाडून झाले असेल तर ते एम-सीलने बुजवू नये. तांबटाकडून आतल्या बाजूने डाग, म्हणजे धातूची झाळ, देऊन घ्यावा आणि विकताना तो गिऱ्हाइकाला दाखवावा. जुन्या भांड्यांना डाग असायचेच, त्यामुळे नीट दिलेला डाग जाणकाराला खटकत नाही, लपवलेला खटकतो.