ओट्स-जर्दाळू बार घरी: आठ महिन्यांनंतर

खाली ओट्सचा दाट थर, मध्ये जर्दाळूचा आंबटगोड गर आणि वर खुसखुशीत चुरा. बेकरीतला हा बार मी वर्षानुवर्षं खात आले. तो घरी जमावा म्हणून गेले आठ महिने जवळजवळ दर रविवारी ओव्हन लावते आहे. पहिले दोन महिने तो नीट जमला नाही. चव यायची, पण वडी उचलली की खालचा थर ओला आणि वरचा भुगा ताटलीत. आता वडी हातात धरून खाता येते, कडेला कुरकुरीत लागते आणि दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते.

आधी प्रमाण सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. २० सेंटिमीटरच्या चौकोनी टिनसाठी २०० ग्रॅम रोल्ड ओट्स, १५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, १२० ग्रॅम ब्राउन शुगर, अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा बेकिंग सोडा. सारणाला २०० ग्रॅम सुके जर्दाळू, १०० ग्रॅम बिया काढलेला खजूर, २५० मिली पाणी, एका लिंबाचा रस आणि त्याच लिंबाची किसलेली साल. बटर वितळवून कोरड्या मिश्रणात कालवायचं, दोन तृतीयांश तळाला घट्ट थापायचं, त्यावर सारण पसरायचं आणि उरलेला चुरा हाताने मोकळा भुरभुरायचा. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. मी सगळं वजनकाट्यावर मोजते. वाटीने ओट्स घेतले की कधी दाबून भरले जातात, कधी सैल, आणि तेवढ्या फरकानेही तळ कोरडा पडतो.

आता सारणाबद्दल. माझे पहिले सगळे घाणे इथेच बिघडले. जर्दाळू मऊ झाले की सारण झालं असं मी समजत होते. ते झालेलं नसतं. भांड्यात उरलेलं पाणी ओव्हनमध्ये पुरतं आटत नाही. वरून चुऱ्याचं झाकण असतं आणि खालून ओट्स ते पाणी पिऊन घेतात. मग तळाचा थर भाजला न जाता शिजतो, खिरीसारखा लागतो. आता मी मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं ढवळत राहते आणि चमच्याने तळावर रेघ ओढून बघते. रेघ लगेच भरून आली तर अजून आटवायचं, क्षणभर तशीच राहिली तर गॅस बंद. नंतर सारण पूर्ण गार करते. गरम सारण पसरलं की तळातलं बटर पुन्हा सुटतं, हे दोनदा अनुभवलं आहे.

लिंबाचा रस मी आधी फक्त चवीसाठी घालत होते. जर्दाळूत पेक्टिन असतं, आणि आंबटपणा व साखर दोन्ही असली की ते गार होताना सारण धरून ठेवतं. त्यामुळे वडी कापताना सारण बाहेर ओघळत नाही. जर्दाळूही दोन प्रकारचे वापरून पाहिले. चमकदार केशरी रंगाचे असतात त्यांवर सल्फर डायऑक्साइडची प्रक्रिया झालेली असते, ते आंबट आणि ताजे लागतात. प्रक्रिया न केलेले तपकिरी पडतात, पण त्यांना एक खोल, कॅरॅमलसारखी चव असते. मला बारमध्ये अर्धे-अर्धे आवडतात.

ताजी किंवा गोठवलेली फळं घ्यायची तर हिशेब बदलतो. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी आणि पाणी भरपूर. ३०० ग्रॅम फळाला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर लागलं, आणि तेही फळ भांड्यात उकळून दाट होईपर्यंत शिजवल्यावरच. कच्चं कॉर्नफ्लोअर फळाला नुसतं चोळून टिनमध्ये टाकलं तेव्हा मध्यभागी पिठूळ चव राहिली. सफरचंद मात्र फार सोपं. किसून आटवलं की स्वतःच घट्ट होतं.

ओट्सबद्दल थोडक्यात: रोल्डच घ्या. झटपट शिजणारे ओट्स बारीक असतात, त्यांचा लगदा होतो. स्टील-कट ओट्स तेवढ्या वेळात मऊ पडत नाहीत, दाताखाली खड्यासारखे येतात. थापण्याआधी ओट्स ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाजून घेतले तर बदामासारखा खमंगपणा येतो. वेळ असेल तेव्हा मी हे हमखास करते.

माझ्या ओव्हनचीही एक अडचण होती. बटण १८० वर असायचं आणि वडी फिकीच राहायची. शेवटी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला तर आत १६० अंशच होते. त्या दिवसापासून बटण २०० वर ठेवते आणि घड्याळापेक्षा रंगाकडे बघते: कडा गडद सोनेरी, मधला चुरा हलका सोनेरी. साखरेऐवजी अर्धा मध घातला होता तेव्हा मात्र उलट झालं. मधातल्या फ्रुक्टोजमुळे रंग फार लवकर चढतो, म्हणून तेव्हा आतलं तापमान १६० वरच ठेवावं लागलं. मधाची वडी जास्त मऊ आणि ओलसर राहते. ज्यांना चिवट बार आवडतो त्यांनी जरूर करून बघावी. मला खुसखुशीत हवा, म्हणून परत ब्राउन शुगरवर आले.

यानंतर सगळ्यात कठीण काम म्हणजे थांबणं. ओव्हनमधून काढलेला बार कापू नका. बटर वितळलेलं असतं, साखरेचा पाक पातळ असतो, सुरी लागली की सगळं सुटतं. टिनमध्येच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. बेकिंग पेपर टिनच्या दोन्ही कडांवरून बाहेर राहील असा लावला असेल तर अख्खा चौकोन उचलून बाहेर येतो. लांब धारदार सुरीने, प्रत्येक काप दिल्यावर पुसून, सोळा वड्या पाडते. रात्रभर ठेवलेल्या बारच्या वड्या बेकरीच्या काचेमागे दिसतात तशा सरळ निघतात.

हवाबंद डब्यात, थरांमध्ये बेकिंग पेपर घालून, चार-पाच दिवस छान राहतात. तिसऱ्या दिवसापासून वरचा चुरा सारणाचा ओलावा घेऊन नरमतो. तेव्हा १५० अंशांवर आठ मिनिटं ठेवल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. आठ वड्या मी लगेच एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकते, तीन महिन्यांपर्यंत चव टिकते. बाहेर काढल्यावर गुंडाळलेलं सोडवू नका, सुटणारं दव वेष्टनावर बसतं आणि वडी कोरडी राहते.

ओट्स आहेत म्हणून हा हलका खाऊ मानू नये. एका वडीत नऊ ग्रॅमच्या वर बटर आणि साडेसात ग्रॅम साखर जाते, सुक्या मेव्याची गोडी वेगळी. बटर १०० ग्रॅमवर आणून पाहिलं, पण तळ वाळूसारखा सुटला. साखर मात्र ९० ग्रॅमपर्यंत बिनदिक्कत कमी होते, जर्दाळू गोड असले तर फरक कळतही नाही. मैद्याऐवजी निम्मी कणीक घातली तरी वडी धरते. पूर्ण कणकेची कोरडी वाटली, म्हणून पुढच्या रविवारी तिच्यात दोन चमचे सफरचंदाचा गर घालून बघणार आहे.