फ्लॉपीवाला माव्हिका एफडी७३ : काही महिने वापरल्यावर

सोनीचा एमव्हीसी-एफडी७३ हा १९९९ चा कॅमेरा. फोटो ६४० बाय ४८० पिक्सेलचा, म्हणजे जेमतेम ०.३ मेगापिक्सेल. झूम मात्र १० पट, तोही ऑप्टिकल. आणि फोटो साठवायला साधी साडेतीन इंची फ्लॉपी. सेकंडहँड घ्यायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा: लेन्स आणि सेन्सर सहसा शाबूत असतात, थकलेला असतो तो फ्लॉपीचा ड्राइव्ह आणि खुद्द फ्लॉप्या. खालचा बराचसा मजकूर त्यावरच आहे.

सोनीने फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. आज जळगावच्या गोलाणी मार्केटात असो की ऑनलाइन, जी फ्लॉपी मिळेल ती जुन्या साठ्यातली, हे धरूनच चला. ‘एचडी’ लिहिलेली, दोन्ही कोपऱ्यांना भोक असलेली १.४४ एमबीचीच घ्या. एका भोकाची ७२० केबीवाली चालत नाही. आत घालण्याआधी पत्र्याचं झाकण बोटाने सरकवा आणि चकती उजेडात तिरकी धरून बघा. गोल ओरखडा किंवा पांढुरके ठिपके दिसले की ती फ्लॉपी सरळ कचऱ्यात. ठिपके म्हणजे बुरशी. ती हेडला (ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला) चिकटते आणि मग त्यानंतर घातलेली चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. एका फ्लॉपीने पाच खराब होतात ते असे. झाकण वाकलेलं असेल तरी घालू नका. ते आत अडकलं तर कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही.

दिसायला चांगली असलेली फ्लॉपी संगणकावर फॉरमॅट करा, क्विक फॉरमॅटची खूण काढून. वेळ लागतो, पण प्रत्येक ट्रॅक, म्हणजे चकतीवरचं डेटाचं प्रत्येक वर्तुळ, तपासला जातो. शेवटी एकूण जागा १४,५७,६६४ बाइट दिसली आणि बॅड सेक्टर (डेटा न टिकणारे खराब तुकडे) शून्य असले तर ती कामाची. थोडेसे बॅड सेक्टर आहेत म्हणून चालवून घेऊ, असं करू नका. ते वाढतच जातात, आणि तोटा कळतो तो फोटो अर्ध्यावर राखाडी झाल्यावर.

एका फ्लॉपीत फाइन दर्जाचे १५ ते २० आणि स्टँडर्डचे २५ ते ४० फोटो मावतात. फ्लॉपी संगणकावर उघडली की प्रत्येक जेपीजीसोबत .४११ शेपटाची एक फाइल दिसेल. ती कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या छोट्या चित्रासाठी असते, बरोबर ४,६०८ बाइटची. संगणकावरून नुसत्या जेपीजी उडवल्या तर या फाइली जागा अडवून बसतात. म्हणून सगळं उतरवून घ्यायचं आणि फ्लॉपी कॅमेऱ्यातच पुसायची. उतरवणंही त्याच दिवशी. फ्लॉपी ही वाहतुकीची सोय आहे, साठवणीची नाही.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. वीज नसलेल्या हबवर तो फिरायला लागतो आणि मध्येच दम टाकतो. कधीकधी कॅमेऱ्यात फोटो व्यवस्थित दिसतात, पण संगणक फ्लॉपी वाचत नाही. तेव्हा दोघांपैकी एकाचं हेड रेषेतून सरकलेलं असतं. तिसऱ्या ड्राइव्हवर लावून पाहा. तिथे वाचली तर तुमचा यूएसबी ड्राइव्ह दोषी, तिथेही नाही वाचली तर बहुधा कॅमेरा. हेड साफ करायला क्लीनिंग डिस्कवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब पुरतात. कापसाची काडी आत घालून घासणं टाळा. वरचं हेड नाजूक पट्टीवर टांगलेलं असतं.

फोटो लिहिला जात असताना ड्राइव्हचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत धक्का नको, आणि बॅटरी तर काढूच नका. याच मालिकेतल्या आधीच्या एफडी७ मध्ये साध्या वेगाचा ड्राइव्ह होता, यातला त्याहून वेगवान आहे, त्यामुळे थांबणं सुसह्य आहे. मध्येच वीज तुटली तर फोटोचा डेटा फ्लॉपीवर असतो पण यादीत नोंद नसते. अशा वेळी त्या फ्लॉपीवर पुन्हा काही न लिहिता संगणकावर फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवा, बऱ्याचदा फोटो परत मिळतो.

आता आपल्याकडचं ऊन. कॅमेऱ्याची कामाची मर्यादा ४० अंश आहे आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास. बंद गाडीत ठेवलात तर फ्लॉपीचं कवच वाकतं. डोळ्याला लावून बघायची खिडकी नाही, फक्त अडीच इंची पडदा, आणि भर दुपारी त्यावर काही म्हणता काही दिसत नाही. डोक्यावरचा पांढरा रुमाल पडद्यावर धरला की चौकट निदान जुळवता येते. शिरपूर-धुळ्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ दुसरा शत्रू: रानात, वाऱ्यात फ्लॉपी बदलू नका. पावसाळ्यात फ्लॉप्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. स्पीकर आणि चुंबकाचं बटण असलेली पर्स यांपासून लांब.

बॅटरीची चिंता मात्र नाही, आणि हे सुख अनपेक्षित आहे. यात एनपी-एफ मालिकेची बॅटरी बसते आणि लग्नाचं शूटिंग करणारे एलईडी लाइटला तीच लावतात, त्यामुळे ती अजून नवी बनते. मापाला एफ५५० घ्या. ९७० ची जाडजूड बॅटरी आत मावत नाही. स्वस्तातल्या काही बॅटऱ्यांत इन्फोलिथियमची (उरलेला चार्ज कॅमेऱ्याला कळवणारी सोनीची) चिप नसते, मग कॅमेरा त्या नाकारतो. चिप असली की किती मिनिटं उरली ते पडद्यावर दिसतं.

चित्राबद्दल. ४ बाय ६ इंची प्रिंट काढली तर इंचाला १०७ च पिक्सेल येतात, मऊ दिसणारच. पण ३५ बाय ४५ मिमीच्या पासपोर्ट फोटोला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात. कॅमेरा उभा धरला की ते ४८० बाय ६४० मध्ये आरामात बसतात. ऑनलाइन फॉर्मला ५० केबीच्या आतला फोटो मागतात तिथे तर स्टँडर्डची फाइल जवळपास तयारच असते. उन्हातली केळीची पानं छान हिरवी येतात, पांढरं कापड मात्र फोटोत पटकन जळतं, म्हणजे बारकावा जाऊन नुसतं पांढरं दिसतं. रात्रीच्या भरीत पार्टीत फ्लॅश दोन-अडीच मीटरच्या पुढे पोचत नाही. चुलीजवळचे चेहरे येतात, मागची पंगत काळोखात.

मेनूतला फील्ड/फ्रेम हा पर्याय बहुतेक जण उघडूनही बघत नाहीत, आणि याच कॅमेऱ्याची सगळ्यात जास्त बदनामी त्यामुळे होते. सेन्सर एक आड एक ओळी अशा दोन हप्त्यांत वाचला जातो. फ्रेमवर ठेवून पळती वस्तू टिपली तर दोन हप्त्यांत ती सरकलेली असते आणि कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. फील्डवर एकच हप्ता घेऊन मधल्या ओळी भरून काढल्या जातात: बारकावा कमी, पण दाते नाहीत. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत घोडा नाचताना किंवा पळताना फील्ड, बांधलेल्या घोड्याला फ्रेम. झूम पूर्ण ताणला तर ४०० मिमीच्या तोडीचा होतो, तेव्हा कोपर कुंपणाला टेकवा.

फ्लॉपीची कटकट नकोच असेल तर २००२ चे एफडी१०० आणि एफडी२०० बघा, त्यांत फ्लॉपीसोबत मेमरी स्टिकही चालते. एफडी७३ च घ्यायचा असेल तर तपासलेल्या दोन फ्लॉप्या आणि यूएसबी ड्राइव्ह लावलेला लॅपटॉप घेऊन जा. एक फ्लॉपी पूर्ण भरेपर्यंत फोटो काढा, कारण बिघडलेलं हेड पहिल्या चार फोटोंत उघडं पडत नाही, आतल्या ट्रॅकवर पडतं. प्रत्येक फोटो तिथेच लॅपटॉपवर उघडून बघा. विकणारा एवढा वेळ थांबायला तयार नसेल तर दुसरा कॅमेरा शोधा.